परदेशातील घरांचा व्यवसाय आणि गहाणाचा कागद

(सुवर्णमहोत्सवानिमित्त जूचंद्र येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



जूचंद्र हे गाव ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी पाहिले आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर मिठागरे, भातखाचरे, चंडिका देवीची टेकडी आणि सणासुदीला दारोदारी उमटणाऱ्या रांगोळ्या यांचेच चित्र उभे राहते. रांगोळीकारांचे गाव हा जूचंद्रचा लौकिक आजही कायम आहे. परंतु वसई-दिवा मार्गावरील छोट्या स्थानकातून बाहेर पडणाऱ्या आजच्या प्रवाशाला प्रथम दिसतात त्या इमारती, आणि इमारतींच्या आधी दिसतात त्या इमारतींच्या जाहिराती. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. ज्या जमिनीचा भाव पूर्वी गुंठ्यावर सांगितला जात असे, तिचा भाव चौरस फुटावर सांगितला जाऊ लागला. किराणा, कापड, भांडी किंवा सोन्याचांदीचे दुकान सांभाळणाऱ्या कित्येक घरांतील पुढची पिढी या बदलासोबत जमीन आणि सदनिकांच्या व्यवहारात उतरली. यात नवल असे काही नाही. दुकानदाराच्या मुलाला माणसांची पारख असते, भाव करता येतो आणि उधारीचा हिशेब उपजतच कळतो.

आता या पिढीतील काहींना असे वाटू लागले आहे की, नायगाव-जूचंद्र परिसरात जे काम आपण करतो तेच दुबईत, टोरांटोत किंवा न्यू जर्सीत केले तर चौपट मिळकत होईल. काहींना घरे विकण्याचे काम करावयाचे आहे, काहींना घरांसाठी कर्ज मिळवून देण्याचे. व्यापारासाठी समुद्रापार जाणे या भूमीला नवे नाही. येथून फार दूर नसलेले सोपारा हे एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते आणि जैन परंपरेतील कथांत त्याचा उल्लेख वारंवार येतो. तेव्हा जावे की जाऊ नये हा या व्याख्यानाचा प्रश्न नव्हे. जाणारा कोणत्या व्यवसायात शिरत आहे, त्या व्यवसायाचा पाया कशावर उभा आहे आणि तो पाया खचला तर त्याची झळ जूचंद्रच्या कोणत्या घरापर्यंत पोहोचते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करावा लागेल. घर विकणारा आणि घरासाठी कर्ज देणारा असे हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. आपल्याकडे एकच गृहस्थ सदनिका दाखवतो, बँकेतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो, नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात उभा राहतो आणि सायंकाळी दोन्ही पक्षांकडून दलाली घेऊन घरी जातो. हे सारे ओळखीवर चालते. २०१७ च्या मे महिन्यात स्थावर संपदा कायदा पूर्णपणे लागू होईपर्यंत महाराष्ट्रात दलालाला स्वतःची नोंदणी करण्याचेही बंधन नव्हते, आणि प्रशिक्षण व परीक्षेची अट महारेराने घातली ती २०२३ मध्ये. म्हणजे ज्या शिस्तीची ओळख येथील दलालाला आत्ता कुठे होत आहे, ती शिस्त परदेशात व्यवसायाचा उंबरठाच आहे.

अमेरिकेचे उदाहरण घ्यावे. तेथे घरविक्रीचा परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो. न्यू जर्सीत त्यासाठी ७५ तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते, टेक्सासमध्ये १८० तासांचे, त्यानंतर परीक्षा. एका राज्यातला परवाना घेऊन नदीपलीकडच्या दुसऱ्या राज्यात घर विकता येत नाही. गृहकर्जाचे काम करणाऱ्याचा मार्ग आणखी निराळा. २००८ च्या जुलै महिन्यात झालेल्या कायद्यानुसार, बँकेबाहेरील संस्थेत कर्जदाराचा अर्ज घेणाऱ्या व्यक्तीला किमान २० तासांचे शिक्षण घ्यावे लागते, परीक्षेत ७५ टक्के गुण मिळवावे लागतात, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि स्वतःच्या कर्जफेडीचा इतिहासही तपासून घ्यावा लागतो. त्यानंतर तिला एक क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक आयुष्यभर तिच्या नावाला चिकटतो. नोकरी बदलली, राज्य बदलले तरी क्रमांक तोच. कोणीही सामान्य ग्राहक तो क्रमांक शोधून पाहू शकतो आणि त्या माणसावर कधी कारवाई झाली होती का हे त्याला घरबसल्या कळते. दरवर्षी आठ तासांचे शिक्षण पुन्हा घ्यावे लागते ते वेगळेच.

दुबईत दलालाला तेथील भूमी विभागाच्या नियामक संस्थेचे ओळखपत्र घ्यावे लागते. प्रशिक्षण, परीक्षा आणि चारित्र्याचा दाखला यांशिवाय ते मिळत नाही. ही नियामक संस्था २००७ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी बांधकामाआधी घेतलेले ग्राहकांचे पैसे स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवण्याचा कायदाही तेथे झाला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात घरविक्रीचा परवाना एका संस्थेकडे तर गृहकर्जाचा दुसऱ्या संस्थेकडे आहे.

परवान्याच्याही आधी प्रवेशाचा प्रश्न येतो आणि बहुतेकांची वाट तेथेच अडते. अमेरिकेत नोकरीसाठी जाण्याचा जो परिचित मार्ग आहे, त्यात विशिष्ट पदवीची गरज असलेली नोकरी आणि ठराविक पगार देणारा मालक लागतो. केवळ दलालीवर जगणारा घरविक्रेता या चौकटीत बसत नाही. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अशा नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याची घोषणा झाली. त्यामुळे अमेरिकेतील घरांच्या व्यवसायात दिसणारी भारतीय माणसे बहुधा थेट या व्यवसायासाठी तेथे गेलेली नसतात. कोणी संगणक क्षेत्रातून कायम वास्तव्याचा परवाना मिळवून मग इकडे वळलेले असते. तर २०१५ च्या नियमाने काही व्हिसाधारकांच्या पती-पत्नींना काम करण्याची मुभा मिळाल्यावर अनेक सुशिक्षित गृहिणींनाही हे क्षेत्र खुले झाले. मुले शाळेत गेल्यावर परीक्षेचा अभ्यास करून परवाना मिळवणाऱ्या या स्त्रियांची चिकाटी खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु त्यांच्या यशाची छायाचित्रे पाहून जूचंद्रचा पंचविशीचा तरुण थेट त्याच व्यवसायासाठी अमेरिकेला जाऊ म्हणेल, तर त्याला रस्ता सापडणार नाही.

म्हणूनच बहुसंख्यांची पावले दुबईकडे वळतात. तेथे दलाली संस्था स्वतः व्हिसा देतात, विमानप्रवास तीन तासांचा, भाषेची अडचण नाही. मुंबईच्या घाटकोपरमध्ये वाढलेले रिझवान साजन प्रथम कुवेतला गेले. १९९० च्या युद्धाने तेथील बस्तान उठले, तेव्हा पुढे दुबईत जाऊन त्यांनी १९९३ मध्ये बांधकाम साहित्याचा व्यापार सुरू केला आणि २०१४ मध्ये घरबांधणीत प्रवेश केला. दरमहा एक टक्का रक्कम भरून घर घेण्याची त्यांची योजना मध्यमवर्गीय भारतीयांमध्ये चांगलीच गाजली. हे उदाहरण दुबईला निघालेल्या प्रत्येक तरुणाच्या तोंडी असते. परंतु साहित्याच्या दुकानापासून घरबांधणीपर्यंत पोहोचायला त्यांना एकवीस वर्षे लागली, हा भाग सांगताना बहुधा गळून जातो.

दुबईतील सामान्य दलालाचे उत्पन्न कसे असते, हे एका साध्या हिशेबाने समजून घेता येईल. समजा, दहा लाख दिरहमची एक सदनिका विकली गेली. जुन्या घराच्या विक्रीत प्रचलित दलाली दोन टक्के, म्हणजे वीस हजार दिरहम. त्यातील निम्मा वाटा संस्थेने ठेवला तर विकणाऱ्याच्या हाती दहा हजार राहतात. भारतीय रुपयांत रूपांतर केले की आकडा मोठा वाटतो, पण खर्च दिरहममध्येच करावा लागतो: खोलीचे भाडे, मोटार, पेट्रोल, फोन, जाहिरातींचा वाटा, परवान्याचे नूतनीकरण. बऱ्याच ठिकाणी निश्चित पगार नसतोच. शिवाय व्यवहार ठरल्यापासून दलाली हाती पडेपर्यंत आठवडे जातात आणि पहिला व्यवहार ठरेपर्यंत महिने. त्या महिन्यांत तो तरुण कशावर जगतो, याचे उत्तर जूचंद्रमध्ये शोधावे लागते. त्याविषयी पुढे येईलच.

येथेच एक सावधगिरीची सूचना. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार केंद्र सरकारचा परवाना असावा लागतो आणि त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा तीस हजार रुपये अधिक कर एवढीच आहे. याहून कित्येक पट रक्कम रोखीने मागणारा आणि पर्यटक व्हिसावर पाठवून तेथे गेल्यावर काम लावून देतो असे सांगणारा माणूस, मग तो किती का जवळच्या नात्यातला असेना, त्या तरुणाला कायद्याबाहेर ढकलत असतो. पर्यटक व्हिसावर काम करणे तेथे गुन्हा आहे.

कर्जाच्या व्यवसायाला दलालीहून मोठी भरती-ओहोटी असते, कारण तो व्याजदरावर तरंगतो. अमेरिकेत तीस वर्षांच्या स्थिर दराच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के इतका खाली गेला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर पोहोचला. चार लाख डॉलरच्या कर्जाचा मासिक हप्ता पहिल्या दराने सुमारे १,६१२ डॉलर होतो, दुसऱ्या दराने सुमारे २,८७७. घर तेच, माणूस तोच, पगारही तोच. हप्ता मात्र जवळजवळ पावणेदोन पटींहून अधिक. दर खाली असताना जुनी कर्जे फेडून नवी घेण्यासाठी लोकांची रीघ लागली होती आणि कर्ज संस्थांनी हजारोंनी माणसे नेमली. दर चढू लागताच ती रीघ ओसरली. भारतात जन्मलेल्या आणि बालपणीच न्यूयॉर्कला गेलेल्या विशाल गर्ग यांच्या बेटर या गृहकर्ज संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये एका दूरदृश्य सभेत सुमारे नऊशे जणांना एकाच वेळी कामावरून कमी केले. त्यांत भारतातील कर्मचारीही होते. ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, त्याच्यासाठी अशी सभा म्हणजे केवळ पगार थांबणे नसते, देश सोडण्याची घटिका सुरू होणे असते.

आता या व्यवसायाच्या गाभ्याकडे वळणे प्राप्त आहे. घर विकणारा आणि कर्ज देणारा, दोघेही वस्तुतः विटा-सिमेंट विकत नाहीत. ते कागद विकतात. घर कोणाचे आहे, त्यावर बोजा किती आहे, घेणाऱ्याचे उत्पन्न काय आहे, हे सांगणारा कागद. तो खरा असेल तर व्यवसाय टिकतो. तो खोटा असेल तर काय होते, याची जगाला बसलेली सर्वांत मोठी शिकवण ही २००७-०८ ची आहे आणि त्या वादळाच्या मध्यावर एक मराठी गृहस्थ उभे होते.

विक्रम पंडित यांचा जन्म १९५७ चा, नागपूरचा. शालेय शिक्षण मुंबईत दादरला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते अमेरिकेस गेले, कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकले आणि पुढे तेथेच वित्तशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. दोन दशकांहून अधिक काळ एका मोठ्या गुंतवणूक बँकेत काम केल्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये ते सिटीग्रुप या जगातील अग्रगण्य बँकसमूहाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. मराठी वृत्तपत्रांनी त्या वेळी अभिमानाने मथळे दिले. परंतु जी खुर्ची त्यांना मिळाली तिच्याखाली आधीच सुरुंग पेरलेला होता. त्यांच्या नियुक्तीच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबर २००७ मध्ये, दुय्यम दर्जाच्या गृहकर्जांशी निगडित सुमारे ५५ अब्ज डॉलरची गुंतवणूक आपल्याकडे असल्याचे त्या समूहाने जाहीर केले होते आणि आधीचे प्रमुख पायउतार झाले होते.

ही दुय्यम कर्जे म्हणजे काय? ज्याला नेहमीच्या निकषांवर कर्ज मिळाले नसते, त्याला दोन वर्षे कमी हप्त्याचे आमिष दाखवून, तिसऱ्या वर्षापासून चढणाऱ्या दराने दिलेली कर्जे. त्यांतील पुष्कळांत उत्पन्नाचा पुरावाच मागितला जात नसे. अर्जदाराने, किंबहुना त्याच्या वतीने दलालाने, जो आकडा लिहिला तोच ग्राह्य धरला जाई. अमेरिकी बोलीत अशा कर्जांना 'खोटारड्यांची कर्जे' हे नावच पडले होते. दलालाला कर्ज मंजूर होताच पैसे मिळत. कर्जदाराच्या गळ्यात जितका चढा दर पडे, तितकी त्याची दलाली वाढण्याची सोयही होती. ही पद्धत २०११ मध्ये बंद झाली. बँक ते कर्ज दुसऱ्याला विकून मोकळी होई. कर्ज फिटले नाही तर नुकसान कोणा दूरच्या तिसऱ्याचे! प्रत्येकाने आपापला हिस्सा घेतला आणि कागद पुढे सरकवला. घरांच्या किमती चढत होत्या तोवर कोणी विचारले नाही; उतरू लागल्या तेव्हा विचारायला उशीर झाला होता. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. सिटीग्रुपला अमेरिकी सरकारने दोन टप्प्यांत ४५ अब्ज डॉलर दिले. मार्च २००९ मध्ये त्या समूहाचा समभाग एक डॉलरच्याही खाली गेला. त्याआधी फेब्रुवारीत पंडितांनी अमेरिकी काँग्रेससमोर, बँक पुन्हा नफ्यात येईपर्यंत वर्षाला एक डॉलर वेतन घेण्याचे मान्य केले होते. २०१० अखेरीस सरकारने आपला हिस्सा विकून टाकला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये पंडित त्या पदावरून दूर झाले. त्यांच्या कारकिर्दीविषयी मतभेद आहेत. पण एवढे खरे की, एक डॉलर वेतनाचा तो प्रसंग ज्या खोट्या आकड्यांनी ओढवला, ते दूरदूरच्या गावांतील हजारो दलालांनी एकेका अर्जात लिहिलेले होते.

श्रावकाच्या सत्य व अचौर्य अणुव्रतांच्या अतिचारांची ज्यांना ओळख आहे, त्यांना येथे काही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. खोटा दस्त करणे याला कूटलेखक्रिया हे नाव शास्त्रकारांनी दिले आणि ठेव बुडवण्याला न्यासापहार म्हटले, ते व्यापार करणाऱ्या समाजाला कोणत्या मोहांना तोंड द्यावे लागते हे ठाऊक असल्यामुळेच. खोट्या उत्पन्नाचा दाखला जोडणारा कर्ज दलाल आणि ग्राहकाच्या विश्वस्त खात्यातील पैसे फिरवणारा विकासक यांच्यासाठी नवे शब्द शोधण्याची आवश्यकता नाही.

दुबईनेही आपला धडा त्याच सुमारास घेतला. परदेशी नागरिकांना ठराविक भागांत मालकी हक्काने घर घेण्याची कायदेशीर मुभा २००६ मध्ये पक्की झाली आणि पाठोपाठ तेजीची लाट उसळली. अजून न बांधलेल्या घराचे नुसते वाटपपत्र दिवसा दोनदा हात बदलत असे. २००८ अखेर ही लाट फुटली, किमती निम्म्याहून अधिक कोसळल्या आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी दुबई वर्ल्ड या सरकारी समूहाने कर्जफेड लांबणीवर टाकण्याची विनंती केली. त्या काळी हप्त्यांपोटी पुढील तारखांचे धनादेश देण्याची पद्धत होती आणि धनादेश न वटणे हा तेथे सरळ तुरुंगवासाचा गुन्हा होता. आपल्याकडे चेक परत आला तर तारखा पडत राहतात. तेथे माणसाला विमानतळावर अडवले जाई. अपुऱ्या रकमेमुळे न वटलेल्या धनादेशाची फौजदारी बाजू २०२२ च्या आरंभापासून बरीचशी सौम्य झाली आहे, तरी सही करण्याची घाई आजही महागात पडू शकते. परदेशी नागरिकाला पहिल्या घरासाठी किती कर्ज द्यावे यावर तेथील मध्यवर्ती बँकेने २०१३ मध्ये मर्यादा घातली. पन्नास लाख दिरहमपर्यंतच्या घरासाठी प्रथम ७५ टक्के आणि २०२० पासून ८० टक्के. उरलेला पंचमांश ग्राहकाने स्वतःच उभा करावयाचा असतो. शिवाय घर नावावर करताना भूमी विभागाचे चार टक्के शुल्क भरावे लागते. हे ग्राहकाला पहिल्या भेटीतच न सांगणारा दलाल एक व्यवहार कदाचित करील, दुसरा करणे त्याला कठीण जाईल.

या संदर्भात एक नाजूक गोष्टही बोलावी लागेल. परदेशात गेलेल्या दलालाचे पहिले ग्राहक बहुधा समाजातलेच असतात; मंदिरात, पर्युषणात, लग्नसमारंभात भेटलेले. आपली वस्ती कोठे आहे, शेजार शाकाहारी आहे का, असे ते साहजिकच विचारतात. मुंबई परिसरात अमुक इमारतीत अमुकच लोकांना घर, ही रीत उघडपणे चालते आणि तिच्यावरून वादही होतात. अमेरिकेत मात्र १९६८ च्या गृहनिवास समानता कायद्याने धर्म, वंश, वर्ण, मूळ देश इत्यादी कारणांवरून घर नाकारणे, एवढेच नव्हे तर ग्राहकाला त्या कारणांवरून विशिष्ट वस्तीकडे वळवणे किंवा तेथून परतवणे हेही बेकायदेशीर ठरवले आहे. 'तिकडे आपले लोक आहेत, तिकडे घ्या' हे वाक्य येथे आपुलकीचे; तेथे दलालाच्या तोंडी आले तर त्याचा परवाना धोक्यात येऊ शकतो. त्याचप्रमाणे ओळखीने ग्राहक पाठवल्याबद्दल कर्ज संस्थेकडून पाकीट घेणे तेथे १९७४ पासून कायद्याने निषिद्ध असून त्यास दंड व कैद दोन्हींची तरतूद आहे. आपल्याकडे याच पाकिटाला 'वहिवाट' म्हणतात. समाजाचा विश्वास हे नव्या दलालाचे एकमेव भांडवल असते, आणि फसगत झाल्यास तक्रार करायला सर्वांत जास्त संकोचणारा ग्राहकही समाजातलाच असतो. ही दुसरी बाजू समाजाच्या सभांमध्ये क्वचितच बोलली जाते.

खोट्या कागदाची कथा ऐकायला अमेरिकेपर्यंत जाण्याची वास्तविक गरजही नव्हती. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. तेथे राहणाऱ्या कुटुंबांनी पैसे मोजले होते, चाव्या घेतल्या होते, देव्हारे मांडले होते. घर विकताना ही जागा राखीव आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले नाही, आणि तो कोणीतरी त्यांच्या ओळखीचाच असणार. वसई-विरारच्या प्रत्येक प्रामाणिक दलालावर त्या ढिगाऱ्याची धूळ बसली आहे. येथून परदेशी जाणाऱ्या तरुणाने ही धूळ आठवणीत ठेवली तर तेथील परवान्याचे तास, परीक्षा आणि ठसे यांचा त्याला कंटाळा येणार नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो जूचंद्रच्या घराचा. परदेशी जाण्यासाठी लागणारे आठ-दहा लाख रुपये पुष्कळ कुटुंबे राहते घर किंवा दुकान तारण ठेवून उभे करतात. म्हणजे दुसऱ्यांची घरे गहाण ठेवण्याचा व्यवसाय शिकायला मुलगा निघतो, तेव्हा पहिले गहाण त्याच्या स्वतःच्या आईवडिलांच्या घराचे पडलेले असते. मूळ खरेदीखत बँकेच्या तिजोरीत जाते. कर्जाच्या अर्जावर वडील सहकर्जदार आणि काका जामीनदार असतात. बहुधा दोघांनीही कागद पूर्ण वाचलेला नसतो.

या कर्जाचे गणित निर्दय आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँकेच्या लेखी ते खाते अनुत्पादित ठरते. त्यानंतर २००२ च्या कायद्यानुसार बँक साठ दिवसांची नोटीस देऊ शकते, आणि त्या मुदतीत रक्कम न भरल्यास न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्तेचा ताबा घेण्याच्या मागे लागू शकते. इकडे हे नव्वद दिवस धावत असतात आणि तिकडे दुबईत पहिला व्यवहार ठरण्यासाठी लागणारे दिवसही तेवढेच, पुष्कळदा अधिक. म्हणून परदेशी जाण्याचा निर्णय घेताना घरात बसून दोनच आकडे मांडणे पुरेसे आहे: एकही रुपया मिळकत न होता मुलगा तेथे किती महिने राहू शकतो, आणि एकही रुपया तिकडून न येता येथे किती महिने हप्ते भरता येतील. दुकानाच्या नफ्यातून वर्षभराचे हप्ते निघत असतील तर गोष्ट निराळी. ते निघत नसतील, तर येथेच महारेराची परीक्षा देऊन किंवा एखाद्या गृहवित्त संस्थेत दोन-तीन वर्षे नोकरी करून हाताशी पैसा आणि अनुभव घेऊन जाणे अधिक शहाणपणाचे. अनिवासी झाल्यावर येथे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते, हा परकीय चलन कायद्यातील नियमही वडिलोपार्जित जमीन असलेल्यांनी आधीच ध्यानात घ्यावा. मुलाच्या गैरहजेरीत व्यवहार करण्यासाठी द्यावयाचे मुखत्यारपत्र कोणाच्या नावे आणि कोणत्या कामापुरते, हेही विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ठरवलेले बरे. दूर देशातून घाईने पाठवलेल्या मोघम मुखत्यारपत्रांनी सख्ख्या भावांना न्यायालयात उभे केले आहे.

आणि एक गोष्ट आईवडिलांसाठी. बँकेची नोटीस दुबईच्या पत्त्यावर जात नाही. ती जूचंद्रला येते, बहुधा इंग्रजीत असते आणि दुपारी मुले कामावर गेलेली असताना टपालवाला ती घरातील वृद्ध माणसाच्या हाती देतो. ती उघडून कोणाकडून वाचून घ्यावयाची, त्या व्यक्तीचे नाव आणि फोन क्रमांक, तसेच मूळ खरेदीखताची एक छायाप्रत मुलाने जाण्यापूर्वी घरात ठेवून जावी.